पोराची तारीख आहे, बापाने गेलेच पाहिजे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज पोरांविषयी बोलायचे आहे. विहिरीवरची मोटार चोरीला जाते, बाजारात मारामारी होते आणि कोणाचा तरी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पोलीस उचलून नेतात. आई रडते, बाप पुढाऱ्याच्या दारात उभा राहतो आणि मधला दलाल पैसे मोजून घेतो. जे कायद्याने फुकट मिळते त्यासाठी बैलजोडी विकायची?

२०१५ चा बाल न्याय कायदा काय म्हणतो ते ऐका. गुन्ह्याच्या दिवशी ज्याला अठरा वर्षे पुरी नव्हती, तो बालक. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या दोघांत एक तरी बाई असते. जामीन देणे हा नियम, नाकारणे हा अपवाद. नाकारला तर कारण लिहावे लागते. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देते.

तारखेआधी तीन कामे करा.

पहिले, वयाचा कागद. कायदा आधी शाळेचा दाखला मानतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. आपल्याकडे मास्तरांनी कित्येकांची जन्मतारीख १ जून टाकून ठेवली आहे. दोन कागदांत फरक असेल तर पहिल्याच दिवशी वकिलाला सांगा. पोरगा सोळा पुरा केलेला असेल आणि गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा असेल, तर खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हा प्रश्न उभा राहतो. तिथे एका तारखेने आयुष्य फिरते.

दुसरे, परिवीक्षा अधिकारी. तो घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देतो. त्याच्यापुढे बडेजाव नको, रडगाणेही नको. शाळा का सुटली, संगत कोणाची, डोक्यावर कर्ज किती, घरात दारू आहे का, खरे तेच सांगा.

तिसरे, पोराशी बोलणे. त्याला मारू नका, पढवू नका. तिथे कोण बसलेले असेल, काय विचारतील, हे समजावून सांगा. प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायला शिकवा. जे घडले ते त्याने आधी वकिलाला सांगावे. आदल्या रात्री दोन घास पोटभर खाऊ द्या, झोपू द्या.

तारीख नेमकी वेचणीत येते, नाहीतर ज्वारीच्या सोंगणीत. रोज बुडतो, एसटीचे भाडे पडते, म्हणून बाप जात नाही. पण पोरगा एकटा उभा राहिला, तर याला घरी सांभाळणारे कोणी नाही असेच मंडळाला वाटणार, आणि त्याची वाट निरीक्षणगृहाकडे वळणार. बोंडातला कापूस एक दिवस थांबतो, पोराची तारीख थांबत नाही.

ज्याची मोटार गेली तोही आपलाच भाऊ आहे. त्याचे नुकसान खोटे नाही. पण पोराला चोर म्हणून गावभर मिरवल्याने मोटार परत येत नाही. त्याचे नाव छापायला तर कायद्यानेच मनाई आहे.

तेव्हा प्रत्येक गावाने दोन माणसे ठरवा, त्यांत एक बाई असू द्या. ज्या घरावर ही वेळ येईल त्याच्याबरोबर त्यांनी तालुक्याला, जिल्ह्याला जावे. आणि त्या दिवशी त्याच्या शेतातली वेचणी गावाने करावी. एवढे ठरवूनच आज उठू या.