मलपरीक्षेविषयी दोन शब्द

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विषय अमंगळ खरा, आणि तोही भोजनोत्तर! मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर; वैद्यकात माझा अधिकार नाही. माझ्या हातून घडलेली चूक आपणांपुढे मांडण्याचा अधिकार मात्र मला खचित आहे.

गेल्या आषाढात माझ्या चार वर्षांच्या नातवास ताप येऊन रक्ताची आव पडू लागली. माझ्या जुन्या आजारातील प्रतिजैविक गोळ्या घरात उरल्या होत्या. त्यांतील अर्धी अर्धी मी दोन वेळा दिली. पुढे डॉक्टरांनी मलपरीक्षा सांगितली, तेव्हा सायंकाळचा नमुना रात्रभर कोनाड्यात ठेवून सकाळी प्रयोगशाळेत नेला. तेथील बाईंनी दोनच प्रश्न विचारले : "नमुना केव्हाचा? औषध काही दिले काय?" तिसऱ्या दिवशी अहवाल आला की, रोगजंतू आढळले नाहीत. मुलगा मात्र तापाने फणफणलेला! डॉक्टरांना अंदाजानेच उपचार करावे लागले. पाच रात्री आम्ही रुग्णालयात काढल्या.

पुढे त्याच बाईंनी मला सारे समजावून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली यांतले पुष्कळसे जंतू सारखेच, काडीसारखे दिसतात. त्यांतला चोर कोणता हे नुसत्या दृष्टीस कळत नाही. म्हणून दूध विरजावे तसा नमुन्याचा कण पोषक थरावर ओढून ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत रात्रभर ठेवतात. मॅकॉन्की नावाच्या थरात दुधातील साखर व रंगद्रव्य असते. आतड्यातील नेहमीचे कोलाय जंतू ती साखर आंबवतात व त्यांचे ठिपके गुलाबी होतात. आव आणणारा शिगेला तिला सहसा शिवत नाही. त्याचे ठिपके फिकेच राहतात. मग त्यांची ओळख पटवायची, औषधांच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती वाढ थांबते ते पाहायचे. यातच दोनतीन दिवस जातात. पटकीचे जंतू निराळ्या, हिरव्या थरावर पिवळे उमटतात. (त्यांच्या विषानेच जुलाब होतात हे १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखविले. वर्गात मी रॉबर्ट कॉख शिकविला. डे यांचे नाव मला निवृत्तीनंतर कळले!)

परंतु विरजणच मेलेले असेल तर दही लागावे कसे? शिगेला बाहेर फार काळ तग धरीत नाही, आणि मी तर गोळीही दिलेली. नमुना औषधापूर्वीचा, रक्त वा आव असलेल्या भागाचा, दोन तासांच्या आत पोहोचलेला हवा. उशीर होणार असेल तर केरी-ब्लेअर माध्यमाची नळी प्रयोगशाळेतून मागून आणावी. तीत जंतू फारसे वाढत नाहीत, पण जगतात. नमुना घेतल्यावर डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात. अलीकडची पी. सी. आर. परीक्षा काही तासांत जंतूचे नाव सांगते, मेलेल्याचेही. परंतु चकत्यांच्या परीक्षेस जिवंतच लागतो.

प्रत्येक जुलाबास ही परीक्षा नको. बहुतेक जुलाब जलसंजीवनी पाजीत राहिल्यास काही दिवसांत थांबतात. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब असतील तर अहवालाची वाट न पाहता जलसंजीवनी पाजीत रुग्णालय गाठावे.

नातू पहिल्या रांगेत लाडू खात बसला आहे. बाईंनी दिलेली कोरी नळी मी सोबत आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी सभेनंतर मजकडे यावे.