दोन पक्ष, एक दुरुस्ती



आयोजकांना मी म्हटलं, गेमवर बोलेन. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सांगितलं की या गेममध्ये बंदुका नाहीत, विधेयकं आहेत. तेव्हा होकार आला.

गेमचं नाव नेशनस्टेट्स. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने 2002 साली आपल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी तो तयार केला. तुम्ही एक देश काढता, रोज समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घेता आणि देश तसा घडत जातो. पण मजा पुढे आहे. बरेच देश मिळून एक प्रदेश होतो आणि अनेक प्रदेशांत खेळाडूंनीच संविधान लिहिलंय, पक्ष काढलेत, निवडणुका होतात. सगळ्या देशांची एक महासभाही आहे. तिचं नाव आधी चक्क संयुक्त राष्ट्रसंघ होतं. खऱ्या संघाने हरकत घेतल्यावर 2008 मध्ये ते बदललं. तिथे संमत ठरावात दुरुस्ती करता येत नाही. काही राहून गेलं, तर आख्खा ठराव रद्द करून नवा आणायचा. त्यामुळे लोक मसुद्यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस करतात. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे फार आवडतं.

आमच्या प्रदेशाच्या संसदेत दोन मोठे पक्ष. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत उभ्या उभ्या मी तिथली कितीतरी भाषणं टाइप केली आहेत. एकदा समोरच्या पक्षाचे दोघे फुटून आमच्याकडे आले आणि त्यांचं सरकार पडलं. त्यांनी लगेच विधेयक आणलं: पक्ष सोडणाऱ्याची जागा जाईल, आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचीही जाईल. फुटीचा फायदा आम्हालाच झालेला, त्यामुळे आमचा विरोध कुणाला पटेना. साहजिकच होतं ते. मी विधेयकाचे दोन तुकडे केले. पक्ष सोडला तर जागा जावी, मान्य. पण पक्षादेशाची सक्ती फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरती असावी, बाकी विधेयकांवर ज्याचं त्याने ठरवावं. चार दिवस खडाजंगी चालली. शेवटी त्यांच्याच पक्षातल्या तिघांनी माझ्या दुरुस्तीला मत दिलं आणि ती संमत झाली. त्यांचं मूळ विधेयक आधीपासून लागू असतं, तर त्या तिघांना तसं मत देताच आलं नसतं.

त्या विधेयकाची भाषा मला ओळखीची वाटत होती. आपल्या संविधानाची दहावी अनुसूची! 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने ती आली, आणि तिच्यातही हेच दोन तुकडे आहेत. आपल्याला पहिलाच माहीत असतो, कारण बातम्या त्याच्याच होतात. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय अध्यक्षांकडे सोपवला, आणि जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. म्हणजे घाऊक फुटीपुढे कायदा हात टेकतो. एकट्यादुकट्या आमदाराला मात्र साध्या विधेयकावरही तो बांधून ठेवतो. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की मतदानावरून अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा. ते अजून झालेलं नाही.

आता आपल्या घरातला हिशोब. निवडणुकीनंतर आपल्या गल्लीत पहिला प्रश्न असतो: आपले किती आले? 2024 मध्ये 288 पैकी 10 मुस्लिम आमदार निवडून आले. इथून जवळचा वर्सोवा त्यातलाच. हा आकडा कमी आहे, त्याचं दुःख मलाही आहे. पण हे दहा जण सहा पक्षांचे आहेत. पक्षादेश निघाले तर ते सहा ठिकाणांहून निघतील आणि दहाही जणांना आपापला पाळावा लागेल. दहाचे वीस झाले तरी या कलमापुढे फरक थोडाच पडेल. म्हणून आमदाराला नुसतं ‘आमच्यासाठी बोला’ म्हणू नका. मतदानाच्या आधी, पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय मांडलंत, ते विचारा.

आणि मतदानाच्या आधी आणखी एक जागा असते. डिसेंबर 2024 मध्ये जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून 12 हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या, मसुद्यात काही शब्द बदलले. पुरेसे बदलले का? माझ्या मते नाही. जुलै 2025 मध्ये विधानसभेत ते आवाजी मतदानाने संमत झालं; कुणाचं मत काय, याची नोंदही राहिली नाही. जे काही बदललं, ते समितीतच बदललं.

समितीला नुसता निषेध पाठवून भागत नाही. कलमाचा क्रमांक, त्यात अडचण काय, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढं लिहावं लागतं. गेममधली सतरा-अठरा वर्षांची पोरं हे सफाईने करतात. पुढच्या वेळी एखाद्या विधेयकावर सूचना मागवल्या, की मुदत संपायच्या आत एका रविवारी आपण बसू. मराठी मसुदा मी करतो. उर्दू-मराठी दोन्ही सफाईने वाचणारे दोघे-तिघे हवेत, आणि एखादा वकिलीचा विद्यार्थी. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला नावं द्या.