अंगावर काढलेले दुखणे आणि बार्शीचे संशोधन
(खेरडी येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाच्या सभामंडपात स्त्रियांच्या गुह्य व्याधींचा विषय निघावा, हे काही वडीलधाऱ्या मंडळींना रुचणार नाही. परंतु देवाची मूर्ती जेथे विराजमान असते त्या स्थानाला आपण मोठ्या आदराने गर्भगृह म्हणतो, आणि ज्या गर्भाशयातून आपण सर्वांनी जन्म घेतला त्याचे नाव मात्र चारचौघांत उच्चारीत नाही. ह्या संकोचाची किंमत घरातील आई, काकी, वहिनी मोजतात. अंगावरून पांढरे जाते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते, कंबर भरून येते. पण ‘होईल बरे’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. कुटुंबप्रमुखाच्या कानी ते जाते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा ह्या मौनावर पोसणारा रोग होय. वस्तुतः कर्करोगांत इतका सवड देणारा रोग दुसरा क्वचितच आढळेल. त्याचे मूळ ‘एचपीव्ही’ नावाच्या विषाणूत आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसन यांनी दाखविले आणि त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या ठायी तो टिकून राहतो त्यांच्यातही कर्करोग होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. एवढ्या अवधीत एकदा जरी कोणी नीट पाहिले तरी पुढचा अनर्थ टळू शकतो. प्रश्न एवढाच, की पाहावयाचे कोणी, कसे, आणि खेड्यातील स्त्रीपर्यंत पोचावयाचे कसे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे कार्य सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे घडले. श्रीभगवंताच्या मंदिरामुळे ख्यात असलेल्या ह्या गावी नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत १९६०च्या दशकापासूनच कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जात होती. परंतु खेड्यांत किती जणांना हा रोग होतो, हे कोणासच ठाऊक नव्हते. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम ह्या तीन तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ही त्या कार्यातील अग्रगण्य नावे.

शहरात रुग्णालयांची दप्तरे चाळली की रुग्णांची गणना होते. खेड्यातील स्त्री रुग्णालयात जातच नाही, घरीच मरते, आणि मृत्यूचे कारण कोणी लिहून ठेवीत नाही. तेव्हा नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांना भेटावे, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगावीत, कोणाला ती असतील तर बार्शीला नेऊन तपासावे, असा त्यांचा क्रम असे. उद्देश केवळ मोजणीचा होता. पण काही वर्षांतच असे दिसून आले की बार्शीला येणाऱ्या स्त्रियांत रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत आलेल्यांचे प्रमाण वाढत आहे. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. कोणी तरी घरी येऊन विचारले, एवढेच. ज्यांनी कारकुनी वहीला नेहमी रुक्ष मानले त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पुढील पाऊल अधिक धाडसाचे होते. त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक विशाल प्रयोग हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी तो चालविला, लिआँच्या डॉ. शंकरनारायणन यांचे त्यास मार्गदर्शन होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची काचेवरील तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्या गटास तपासणी न देता केवळ माहिती देणे, अशी योजना होती. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच व्हावयाची होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ह्या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. पेशी-तपासणीच्या गटात ५४, आम्लाच्या गटात ५६, आणि विषाणू-चाचणीच्या गटात ३४. चारही गटांत स्त्रियांची संख्या साधारण सारखीच, म्हणजे एकतीस ते चौतीस हजार होती. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! शिवाय ज्यांच्या चाचणीत विषाणू आढळला नाही, अशा चोवीस हजारांहून अधिक स्त्रियांपैकी ह्या रोगाने एकही मरण पावली नाही. जगातील अनेक देशांनी आपली धोरणे बदलली त्यामागे जे पुरावे होते त्यांत मराठवाड्यातील ह्या गावांचा वाटा मोठा आहे.

त्या ६४ जणींविषयी मात्र दोन शब्द बोलणे अवश्य आहे. तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत ठाऊक असता एका गटास त्यापासून दूर ठेवणे न्याय्य होते काय, असा कठोर आक्षेप पुढे अमेरिकेतून व आपल्या देशातूनही घेण्यात आला. त्या काळी ग्रामीण भागात अशी तपासणी कोठेच उपलब्ध नव्हती आणि तुलनेवाचून शासनाला निर्णय घेता आला नसता, हे संशोधकांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु ज्ञान मिळाल्यावरही ते वापरले गेले नाही तर आक्षेपच खरा ठरेल. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ह्या रोगाची तपासणी एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण शेकडा दोनही नव्हते.

विषाणूची चाचणी महाग, म्हणून मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत निराळा मार्ग तपासला. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यात असते तेच द्रव्य, गर्भाशयमुखास लावीत व मिनिटभराने पांढरा डाग उमटतो काय ते पाहत. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. ह्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. उस्मानाबादेत जे एका फेरीत साधले नाही ते येथे पुनःपुन्हा पाहिल्याने साधले, असे म्हणता येईल. शासनाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांतही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सांगितली आहे.

आता ज्यांना रोग झालाच आहे त्यांच्याविषयी. आपल्या समाजात ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’ असा आग्रह घरातील कर्ते पुरुष धरतात. टाटा रुग्णालयातील एक अभ्यास ह्या आग्रहाला छेद देणारा आहे. २००३ ते २०१५ ह्या काळात सहाशेहून अधिक स्त्रियांत, आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया, आणि किरणोपचारासोबत औषध, ह्या दोन मार्गांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ६९ तर किरणोपचाराच्या गटात जवळजवळ ७७ आढळले. एकूण आयुष्यमानात मात्र भेद नव्हता. रोग बराच पसरलेल्या ८५० स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्याला लोक ‘शेक’ म्हणतात त्या किरणोपचारास सिस्प्लॅटिन ह्या जुन्या, स्वस्त औषधाची जोड दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४६ वरून ५४ वर गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडहून चालविलेल्या आणि भारतीय रुग्णही ज्यात होते अशा चाचणीत, किरणोपचारापूर्वी सहा आठवडे औषधे दिल्याने हेच प्रमाण ७२ वरून ८० वर गेल्याचे दिसले.

केवळ जगणे हे पुरेसे नसते. किरणांनी आतडे दुखावले की स्त्रीला पुढे कित्येक वर्षे शौचाचा त्रास होतो. तेही ती कोणास सांगत नाही. डॉ. सुप्रिया चोप्रा व सहकाऱ्यांनी टाटा केंद्रात शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांत, नेमका वेध घेणाऱ्या नव्या किरणपद्धतीने हा त्रास शेकडा ४२ वरून २१ वर आणता येतो, हे २०२१ साली दाखविले. रोग्याच्या लज्जेआड लपलेल्या दुःखाचीही मोजणी करावी, असे कोणास तरी वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

अंडाशयाच्या कर्करोगासाठी मात्र अशी सोपी तपासणी अद्याप हाती आलेली नाही. इंग्लंडमधील दोन लाख स्त्रियांच्या पाहणीनेही मृत्यू घटले नाहीत, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा उतारवयात पोट सतत फुगणे, थोड्याशा अन्नाने भरल्यासारखे वाटणे, ह्या तक्रारी वायूच्या गोळ्या देऊन बाजूस सारू नयेत.

शेवटी लसीचा वृत्तान्त, कारण त्यातही बार्शी आहे. २००९ साली भारतातील नऊ केंद्रांत, बार्शी व पुणे धरून, दहा ते अठरा वयाच्या वीस हजार मुलींना दोन किंवा तीन मात्रा देण्याचा अभ्यास सुरू झाला. तोच आंध्र व गुजरातेतील एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूने खळबळ उडाली. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु पालकांची संमती ज्या रीतीने घेतली गेली तीवर संसदीय समितीने सक्त ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. एप्रिल २०१० मध्ये शासनाने सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबविले. परिणामी सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांना सोडून न देता वर्षानुवर्षे पाहिले. २०२१ साली कळले की कर्करोग घडविणाऱ्या मुख्य दोन विषाणूंच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही शेकडा ९५ संरक्षण मिळाले, तीन मात्रांइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे हाही पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ लसीस भारतात मान्यता मिळाली.

लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवावयाची नाही, कारण विषाणूचे सर्वच प्रकार लसीत येत नाहीत. खेरडीकर भगिनींनी त्यासाठी प्रथम आपल्या आरोग्य केंद्रात किंवा सिल्वासाच्या श्री विनोबा भावे रुग्णालयात चौकशी करावी, आणि सोबत घरातील एखाद्या पुरुषासही न्यावे. २००९ साली लस घेतलेल्या त्या मुलींतील वडील मुली आता तिशी ओलांडून तपासणीच्या वयात आल्या आहेत.