मुलींचा संघ आणि प्रशिक्षिकेची साधना

(पिंपळगाव बसवंत येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांच्या बाजारपेठेमुळे पिंपळगाव बसवंतचे नाव दूरवर पोहोचले आहे. शेतकऱ्यांच्या या गावी आज एका शेतकरी कन्येच्या कार्याचा परिचय करून द्यावा, असे मी योजिले आहे. महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल प्रशिक्षिका म्हणून जगभर मान्यता पावलेल्या पॅट समिट यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात झाला. थोरल्या तीन भावांच्या बरोबरीने त्या शेतात राबत आणि रात्री गवताच्या माळ्यावर त्यांच्याशीच बास्केटबॉल खेळत.

माध्यमिक शिक्षणाची वेळ आली तेव्हा त्यांच्या भागातील शाळेत मुलींचा संघ नव्हता. शेजारच्या भागातील शाळेत तो होता. मुलीला खेळता यावे एवढ्यासाठी त्या कुटुंबाने आपले बिऱ्हाड तिकडे हलविले. पुढे महाविद्यालयातही मुलींसाठी क्रीडा शिष्यवृत्त्या नव्हत्या. तिच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांनीच सोसला.

१९७२ मध्ये अमेरिकेत एक महत्त्वाचा कायदा झाला. केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास त्याने मनाई केली. परंतु कायदा झाला म्हणजे मैदान तयार होते असे नाही. १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, समिट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या. वेतन दरमहा २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत आणि सामन्यांच्या गावी जाण्यासाठी गाडीही स्वतःच चालवीत. त्यांच्या कारकिर्दीतील पहिलाच सामना एका गुणाने हातचा गेला.

१९७६ मध्ये माँट्रियल येथे महिलांच्या बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समावेश झाला. त्या वेळी समिट खेळाडू म्हणून रौप्यपदक विजेत्या अमेरिकन संघात होत्या, तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकन महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. विद्यापीठाच्या संघाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मात्र १९८७ मध्ये, म्हणजे तेरा हंगामांच्या परिश्रमांनंतर लाभले. एकूण ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली. २०११ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या व्याधीचे निदान झाल्यावर त्यांनी ते लपविले नाही, आणि तो हंगाम पूर्ण करूनच २०१२ मध्ये त्या पदावरून दूर झाल्या. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट यात आहे. त्यांच्याकडे खेळण्याची पूर्ण मुदत संपविणाऱ्या प्रत्येक मुलीने पदवी संपादन केली. खेळामुळे अभ्यास बुडतो, या समजुतीला याहून चांगले उत्तर कोणते असेल?

आपल्या जिल्ह्यातही गुणवत्तेची उणीव नाही. हरसूल परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. येथून जवळच्याच वडाळीभोईच्या संजीवनी जाधव यांनी २०१७ मध्ये भुवनेश्वर येथील आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटर शर्यतीत तेच यश संपादिले. दोघींना नाशिक येथे विजेंदर सिंग यांचे मार्गदर्शन लाभले. गुणी मुलीला जाणता मार्गदर्शक भेटला तर काय घडते, याचा हा पुरावाच होय.

मात्र धावपटूची आणि संघाची गरज वेगळी असते. एकटी मुलगी रस्त्यावरही धावू शकते. बास्केटबॉलसाठी मैदानात पाच आणि सरावासाठी किमान दहा मुली हव्यात. नववी-दहावीत दोघींची शाळा सुटली, एखादीचे लग्न ठरले, की संघच मोडतो. म्हणून मुलींचा संघ टिकविणे हे मुलींचे शिक्षण टिकविण्याचेच काम आहे.

यासाठी लागणारी जागाही फार नाही. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे चार गुंठे. भोवतालची मोकळी जागा धरून सहा गुंठे पुरतात. दोन खांब, दोन फळे आणि जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर बसविलेली दोन कडी, एवढे साहित्य पुरेसे आहे. मैदानाजवळ स्वच्छतागृह मात्र हवेच. आणि सरावाची वेळ शेवटची एस.टी. पाहूनच ठरवावी, अंधार पडल्यावर मुलगी घरी कशी पोहोचेल, या काळजीपुढे पालकांचा उत्साह मावळतो.

२०११ पासून महाराष्ट्रातील पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गावच्या आराखड्यात सहा गुंठे मुलींच्या मैदानासाठी राखण्याचा ठराव मांडण्यास याहून योग्य सभागृह कोणते? पॅट समिट यांच्या वडिलांना मुलीच्या खेळासाठी घर सोडावे लागले. आपल्या गावातील कोणत्याही बापावर तशी वेळ येऊ नये, एवढे आपण ठरवू या.