नव्या वसाहतीचें पाणी : येणारें व जाणारें

घर पाहावें बांधून, असें जुने लोक म्हणत. आज पुण्याच्या उपनगरांत घर बहुधा तयारच मिळतें. घेणारा दिवाणखान्याची लांबीरुंदी पाहतो, खिडकीची दिशा पाहतो, गाडीची जागाहि पाहतो. दोन प्रश्न मात्र विचारावयाचे राहतात. या घरांत पाणी कोठून येणार, आणि वापरल्यावर तें कोठें जाणार ?

हे प्रश्न विचारण्याची सोय कायद्यानें केलेली आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या वसाहतीस बांधकामापूर्वीं पर्यावरणाची परवानगी लागते. त्या अर्जांत पाण्याचा जमाखर्च मांडावा लागतो.

हा जमाखर्च उदाहरणानें पाहावा. एक हजार बिऱ्हाडें, दर बिऱ्हाडीं पांच माणसें, आणि माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरलें, तर ६,७५,००० लिटर लागतें. नळ आले नाहींत, तर दहा हजार लिटरांचे अडुसष्ट टँकर रोज दारांत उभे राहिले पाहिजेत. वापरलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ८० भाग, म्हणजे ५,४०,००० लिटर, सांडपाणी होतें. तें शुद्ध करून माणशीं ४५ लिटर संडासाच्या टाक्यांस दिलें, तर २,२५,००० लिटर तेथें खपतें, आणि ताज्या पाण्याची गरज तितकी कमी होते. तरी ३,१५,००० लिटर उरतेंच. कागदावर तें बागेस दिलेलें असतें. परंतु पावसाळ्याचे चार महिने बाग पाणी मागत नाहीं. मग तें नाल्याची वाट धरतें.

शुद्धीकरण केंद्रांतील खरें काम सूक्ष्म जंतु करतात. त्यांस रात्रंदिवस हवा पुरवावी लागते. विजेचें बिल वांचविण्यासाठीं पंखे बंद ठेवले, कीं ते मरतात, आणि सांडपाणी आलें तसें बाहेर पडतें. केंद्र बांधणारा बांधून देतो. पुढें तें रहिवाशांच्या संस्थेकडे येतें. दहाव्या वर्षीं तें कोण चालविणार, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशीं विचारला पाहिजे.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणें तपासला जातो. दहा वसाहतींचे दहा जमाखर्च बिनचूक असले, तरी त्यांच्या पोटांतील काळा पाषाण एकच असतो. त्याच्या भेगांत व वरच्या मुरमांत सांठेल तेवढेंच पाणी त्यांच्या विंधन-विहिरींस मिळतें. नालाहि एकच. शिवाय अशा बांधकामांस या अधिसूचनेनें लोकसुनावणींतून वगळलें आहे. त्यामुळें शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचें काय होईल, हें त्यास कोणी विचारीत नाहीं.

ही चिंता पोकळ नव्हे. नांदेड व किरकटवाडी हीं गांवें २०२१ सालीं पुणें महापालिकेंत आलीं. २०२५ च्या जानेवारींत याच बाजूस गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या रोगाचे पुष्कळ रुग्ण आढळले. या रोगांत हातापायांची शक्ति जाते. पुणें व आसपासच्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेंवर गेली. कांहीं रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून पसरणारे जंतु सांपडले, आणि संशय पाण्यावर गेला.

नाल्याचें पाणी तेथेंच थांबत नाहीं. तें मुळा-मुठेस मिळतें, मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि भीमेवरील उजनीच्या जलाशयाचें पाणी सोलापूरकर पितात. एका शहरानें टाकलेलें दुसऱ्याच्या माठांत येतें.

परवानगी म्हणजे कामाचा आरंभ होय. तींतील अटी कशा पाळल्या, याचा अहवाल दर सहा महिन्यांनीं सादर करावा लागतो, आणि तो लोकांस पाहावयास खुला असतो. घर घेणारानें किल्ली हातीं घेण्यापूर्वीं तो मागावा. राहावयास गेल्यावर तर दर सहामाहीस मागावा. ज्यास आपलें सांडपाणी कोठें जातें हें ठाऊक आहे, त्यानेंच घर खरोखर पाहिलें, असें म्हणावें.