उशिरा मिळालेला पट्टा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

कुठल्याही खेळाच्या गप्पा रंगल्या, की शेवटी गाडी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. सगळ्यांत मोठा कोण? धावण्याच्या शर्यतीत निदान घड्याळ तरी साक्षीला असतं. मुष्टियुद्धात तेही नसतं. वेगवेगळ्या काळांतले मुष्टियोद्धे एकमेकांसमोर उभे राहू शकत नाहीत. मग हिशेब मांडायचा तो जुन्या लढतींवरून. असाच एक हिशेब आज मी आपल्यासमोर मांडणार आहे. तो आहे अमेरिकेच्या आर्ची मूरचा.

मूर हा लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता. म्हणजे १७५ पौंड, साधारण ७९ किलो वजनापर्यंतचा गट. त्या काळी याच्या वर थेट हेवीवेट. आणि नाव, पैसा, गर्दी हे सगळं बहुधा त्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे जो लुई किंवा महंमद अली ही नावं बॉक्सिंग न पाहणाऱ्यालाही ठाऊक असतात, मूरचं नाव मात्र जाणकारांपुरतंच राहतं. वास्तविक रॉकी मार्सियानो आणि अली या दोघांशीही व्यावसायिक लढत खेळलेला मूर हा एकटाच माणूस.

त्याला ‘ओल्ड मंगूस’, म्हणजे म्हातारं मुंगूस म्हणत. मुंगूस आणि सापाची लढाई आपल्याला सांगायला नको. मुंगूस घाई करत नाही; सापाला फणा टाकू देतं, हुलकावणी देतं आणि नेमक्या क्षणी झडप घालतं. मूरची रीत अशीच होती. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून तो समोरच्याचे ठोसे अडवायचा आणि तो जरा उघडा पडला की प्रतिडाव टाकायचा. दोनशेहून अधिक लढती तो खेळला. त्यांतल्या १३०हून अधिक लढती त्यानं नॉकआउटनं जिंकल्या.

त्याच्या वयाचाही एक घोळच होता. आई सांगायची, जन्म १९१३चा. तो स्वतः सांगायचा १९१६. यावर त्याचा विनोद असा, की आई त्या वेळी हजर होती हे खरं, पण मीही होतो. तेव्हा जन्मलो त्या वेळी मी तीन वर्षांचा असणार!

आता मुद्द्याकडे येतो. मूर १९३५च्या सुमारास व्यावसायिक रिंगणात उतरला. जगज्जेतेपदाची पहिली संधी त्याला मिळाली १७ डिसेंबर १९५२ रोजी. मधली सतरा वर्षं तो काय करत होता? जिंकत होता. चाळिसाच्या दशकात तो या गटातल्या अव्वल आव्हानवीरांपैकी होता. गस लेस्नेविच, फ्रेडी मिल्स, जोई मॅक्सिम असे विजेते एकामागून एक झाले. पण मूरची पाळी येईना.

याचं कारण त्या धंद्यात होतं. कुणाशी लढायचं हे बव्हंशी विजेता आणि त्याचा मॅनेजर ठरवत. ज्याच्याशी खेळून तिकिटं फारशी खपणार नाहीत आणि पट्टा जाण्याची धास्ती मात्र मोठी, अशा माणसाला कोण बोलावणार? मूर कृष्णवर्णीय होता, हेही होतंच. मात्र रंग हे एकमेव कारण नव्हे. याच गटात जॉन हेन्री लुईस हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९३५ साली विजेता झाला होता. महायुद्धाच्या काळात तर विजेतेपदाच्या लढतीच बऱ्याच अंशी थंडावल्या होत्या. तरीही ज्यांना टाळलं गेलं, त्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंचा एक मोठा जथाच होता. चार्ली बर्लीनं १९४४ साली मूरला खाली पाडून हरवलं होतं. त्या बर्लीला विजेतेपदाची एकही लढत आयुष्यभर मिळाली नाही. अशी माणसं मग आपापसांतच पुनःपुन्हा लढत राहिली.

मूरला संधी मिळाली तीही कशी? विजेत्या मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी आणि मूरच्या पदरात आठशे डॉलर. मूरनं पंधरा फेऱ्यांची ती लढत गुणांवर जिंकली. आईचा हिशेब धरला तर त्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता. ज्या वयात बाकीचे हातमोजे खुंटीला टांगतात, त्या वयात त्याची विजेता म्हणून कारकीर्द सुरू झाली आणि ती १९६२पर्यंत चालली. या गटात इतका दीर्घकाळ विजेता राहिलेला दुसरा नाही.

त्या कारकिर्दीतली एकच लढत सांगतो. १० डिसेंबर १९५८, कॅनडातलं माँट्रियल. समोर इव्हॉन ड्युरेल, समुद्रावर मासेमारी करणारा दांडगा गडी. पहिल्याच फेरीत मूर तीनदा खाली पडला. पाचव्या फेरीत चौथ्यांदा. तीन दिवसांनी आईच्या हिशेबानं त्याला पंचेचाळिसावं वर्ष पूर्ण होणार होतं. एखादा तिथंच आडवा राहिला असता. मूर उठला, सावरला, एकेक फेरी त्यानं लढत आपल्याकडे वळवली आणि अकराव्या फेरीत ड्युरेलला संपवलं.

पण हिशेब म्हटला की जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडायला हवी. पहिली गोष्ट, मूर दोनदा हेवीवेटच्या पट्ट्यासाठी लढला आणि दोनदा हरला. १९५५ साली मार्सियानोला त्यानं दुसऱ्या फेरीत खाली पाडलं, पण नवव्या फेरीत तो स्वतः संपला. पुढल्या वर्षी तरुण फ्लॉइड पॅटरसननं त्याला पाचव्या फेरीत हरवलं. दुसरी गोष्ट जास्त जड आहे. इझार्ड चार्ल्सनं मूरला १९४६ ते १९४८ या काळात ओळीनं तीनदा हरवलं, शेवटच्या खेपेस नॉकआउटनं. ‘मूरच सगळ्यांत मोठा’ असं म्हणणाऱ्याला या तीन लढतींचं उत्तर द्यावंच लागतं.

गंमत अशी, की या चार्ल्सलाही लाइट हेवीवेटच्या विजेतेपदासाठी कधी लढायला मिळालं नाही. तो वरच्या गटात गेला आणि १९४९मध्ये तिथं विजेता झाला. म्हणजे या गटातला बहुधा सर्वांत कसबी खेळाडू या गटाच्या विजेत्यांच्या यादीतच नाही!

नंतरच्यांकडे पाहू. बॉब फॉस्टरनं १९६८ ते १९७४ या काळात चौदा वेळा पट्टा राखला, मूरनं नऊ वेळा. पण मॅक्सिम, हॅरोल्ड जॉन्सन यांच्या तोलाचे आव्हानवीर फॉस्टरला क्वचितच भेटले आणि हेवीवेटमध्ये फ्रेझर व अलीसमोर त्याची डाळ शिजली नाही. मायकेल स्पिंक्सनं १९८५ साली लॅरी होम्सला हरवून हेवीवेटचा पट्टा मिळवला. मूरला जे जमलं नाही, ते त्यानं केलं. रॉय जोन्सनंही २००३ साली हेवीवेटचा एक पट्टा जिंकला. त्याच्यासारखी चपळाई या गटात क्वचितच दिसली. मात्र वेग ओसरल्यावर टिकून राहण्याची कला जोन्सपाशी नव्हती. मूरचा सगळा खेळच त्या कलेवर उभा होता.

आणि ती कला त्याच्याबरोबर संपली नाही. १९६० साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून आलेला कॅशस क्ले, म्हणजे पुढचा अली, काही दिवस मूरच्या तालमीत होता. या वस्तादाची झाडलोटीची शिस्त त्याला मानवली नाही आणि तो निघून गेला. दोन वर्षांनी त्यानंच मूरला चौथ्या फेरीत हरवलं. दुसरा शिष्य जॉर्ज फोरमन. १९७४च्या किन्शासातल्या लढतीत त्याच्या कोपऱ्यात मूर होता. याच फोरमननं १९९४ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, हेवीवेटचा पट्टा पुन्हा जिंकला. त्या पुनरागमनात चेहऱ्यासमोर आडव्या हातांचं ते मूरचं कवच जगानं पुन्हा पाहिलं.

माझा निवाडा असा. या वजनात लढलेल्या सर्वांचा विचार केला, तर पहिला नंबर चार्ल्सचा. तीन लढतींचा पुरावा मला बाजूला सारता येत नाही. पण ज्यांनी प्रत्यक्ष हा पट्टा कमरेला बांधला, त्यांत मूर पहिला. त्याचं मोठेपण फक्त त्या दहा वर्षांत मोजू नये. पट्टा नसताना बिवन्स, बर्ली, चार्ल्स यांच्यासारख्यांशी त्यानं घातलेली सतरा वर्षंही त्यात धरावी लागतात. ती विजेत्यांच्या यादीत दिसत नाहीत. कुणाला दार उघडलं गेलं, एवढंच ती यादी सांगते. दाराबाहेर कोण उभं होतं, हे शोधायला जुन्या लढतींचे निकाल वाचावे लागतात. मूर १९९८ साली गेला. निदान त्याला ते दार शेवटी उघडलं. बर्लीला तेवढंही मिळालं नाही.