घरकुल आणि आपला वाटा
(विहाराच्या वर्धापनदिनी घनसावंगी येथे केलेले भाषण)



अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी शासनाने २००८ साली घरकुल योजना आणली. तिला माता रमाईचे नाव दिले. मग अर्ज अडतो कुठं? बहुतेक वेळा जागेपाशी. आजोबापासून आपण तिथंच राहतो, पण ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला नाव नाही. नाव नाही म्हणून अनुदान नाही! तेव्हा आधी नाव लावून घ्या, नवऱ्याबरोबर बायकोचंही. जागाच नसेल तर जागा खरेदीसाठी २०१५ पासून वेगळं अर्थसाहाय्य आहे, ते मागा.

दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कामासाठी खर्च करायचे असतात. ते आपल्या वस्तीत कुठं लागले? नालीत, दिव्यात, की नुसते कागदावर? हा प्रश्न ग्रामसभेतच विचारायचा असतो. आपण ग्रामसभेला जात नाही अन् मग पारावर बसून कुरकुर करतो.

बंधू-भगिनींनो, विहाराची वर्गणी आपण न मागता देतो. आपला वाटा मात्र मागितल्याशिवाय कुणी देत नाही. येत्या ग्रामसभेला आयाबहिणींसह वही-पेन घेऊन जा.

जयभीम! नमो बुद्धाय!